इंद्रायणीने पाडलेली गोणी

मित्रांनो, पडायची लाज वाटते ना तुम्हाला? मला नाही वाटत. मी इतक्या वेळा पडले आहे की मोजणारा थकून जाईल, आणि त्याचा मला कोण अभिमान आहे! नारायणगावाजवळच्या धर्माजींच्या गोठ्यातली मी एक जुनी गोणी. पण मला साधीसुधी समजू नका हं. भारताकडून रग्बी खेळणारी इंद्रायणी टॅकल शिकली ती माझ्यावर.

मंचरच्या बाजारात बटाटे वाहून दमलेल्या तीन गोण्या जोडून मला बनवलं. बनवणारे होते जुन्नरचे रहमतुल्लाचाचा. त्यांचा धंदा शर्यतीच्या बैलांच्या झुली शिवायचा. धर्माजी म्हणजे त्यांचं जुनं गिऱ्हाईक, कारण धर्माजींचा बैलगाडा पंचक्रोशीत नावाजलेला. त्यांची लेक इंद्रायणी कॉलेजात रग्बी खेळायला लागली तेव्हा ती चाचांकडे गेली आणि म्हणाली, माणसाच्या उंचीची गोणी शिवून द्या, मला तिला धडका मारायच्या आहेत. चाचांनी लगेच दाभण आणि सुतळी काढली. पोटात घाटघरच्या भाताचा पेंढा, तळाला थोडी वाळू, की झाले मी उभी.

रग्बीत लांबट चेंडू काखेत मारून पळायचं असतं. पळणारीला दोन्ही हातांनी धरून जमिनीवर आणायचं, त्याला म्हणतात टॅकल. आता रोज पहाटे शंभर धडका खायला माणूस कोण मिळणार? म्हणून मी. ती धावत यायची, धाडकन आदळायची, आम्ही दोघी भुईसपाट! मग मला उभी करायची, पाठ थोपटायची आणि पुन्हा मागे जायची. आधी ती जिल्ह्याकडून खेळली, मग राज्याकडून, मग भारताच्या शिबिरात गेली. तेव्हा माझी काय ऐट होती म्हणून सांगू! गावातली माणसं मला बघायला यायची. धर्माजी पाहुण्यांना आधी बैल दाखवायचे आणि मग मला.

पण देशाकडून खेळायच्या पहिल्याच परदेश दौऱ्यात घात झाला. इंद्रायणीने समोरच्या मुलीच्या मानेला हात घातला. रग्बीत खांद्याच्या वर धरणं हा मोठा गुन्हा, मान मोडू शकते. पंचांनी लाल कार्ड दाखवलं. आपल्या उरलेल्या चौदा जणी जीव तोडून खेळल्या आणि हरल्या. इंद्रायणीवर सहा आठवड्यांची बंदी आली. प्रशिक्षक मॅडमनी बजावलं, हात खाली आला नाही तर पुन्हा शिबिरात येऊ नकोस.

ती घरी आली ती मान खाली घालून. दुसऱ्या दिवशी पहाटेच माझ्यासमोर उभी राहिली. खाली, खाली, असं पुटपुटत धावत आली आणि आदळली ती माझ्या मानेवरच. दहा वेळा तेच, पन्नास वेळा तेच. डोक्याला कळत होतं, हाताला वळत नव्हतं. शेवटी ती माझ्यावर डोकं टेकून रडली. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडले असते, कारण कुठे दुखतंय हे मला ठाऊक होतं. पण गोणीला विचारतो कोण?

आठवड्यातच मी वरून उसवले. इंद्रायणी आणि धर्माजी मला घेऊन चाचांकडे गेले. चाचांनी चष्मा सारखा केला, मला वरून खालपर्यंत चाचपलं आणि दाभण बाजूलाच ठेवलं.

"पोरी, पाच वेळा शिवली ही गोणी," ते म्हणाले. "पाची वेळा वरचाच टाका गेला. खालचा माझा पहिला टाका अजून कोरा हाय. माणसाशी खेळणाऱ्याची गोणी मधी फाटायला पायजे. तू कोणाला धरती?"

धर्माजींचा चेहरा उतरला. काय झालं ते त्यांच्या ध्यानात आलं होतं. बैलगाड्याचा घाट, म्हणजे शर्यतीची चढाची वाट, चढून बैल माथ्यावर पोचतात तेव्हा त्यांना आवरणारं कोणीतरी तिथे लागतं. सरावाच्या दिवशी हे काम लहानपणापासून इंद्रायणीचं. बैलाच्या पायात शिरायचं नाही, लाथ बसेल. मानेला मिठी मारायची आणि लोंबकळायचं, हे बापानेच तिच्या अंगात भिनवलं होतं. आणि तिने ते इतकं चांगलं शिकून घेतलं होतं की समोर बैल नाही, माणूस आहे, हे तिचे हात विसरत होते.

"मीच शिकिवलं तुला हे," धर्माजी म्हणाले. "आता मीच मोडतो."

घरी येऊन त्यांनी माझ्यापुढे दोन खांब रोवले आणि कमरेच्या उंचीवर बैलाचा कासरा ताणून बांधला. आता मला धरायचं तर दोराखालून यायला हवं. पहिले दहा दिवस कासरा तिच्या गळ्याला, कपाळाला, खांद्याला लागत होता. धर्माजी कासरा पुन्हा ताणून बांधायचे. शर्यतीचे दिवस होते, पण त्यांनी त्या हंगामात गाडा जुंपलाच नाही. गावाने कारण विचारलं तर म्हणायचे, बैल दमल्यात.

पाचव्या आठवड्यात एका पहाटे ती दोराखालून सरळ माझ्या मांडीत घुसली आणि मी मधोमध फाटले! पेंढा अंगणभर उडाला. आनंदाने फाटणारी गोणी तुम्ही कधी पाहिली आहे का? धर्माजींनी घरात जाऊन गुळाचा खडा आणला आणि लेकीच्या हातावर ठेवला.

बंदी संपली आणि मॅडमनी तिला एकच संधी दिली. तो सामना आम्ही अंगणात मोबाईलवर पाहिला. अगदी शेवटी समोरची धिप्पाड मुलगी चेंडू घेऊन आपल्या गोलरेषेपासून पाच पावलांवर आली. आडवी होती फक्त आमची इंद्रायणी. ती वाकली, मांड्यांना मिठी मारली आणि त्या मुलीला चेंडूसकट जमिनीवर आणलं. सामना आपण जिंकला. परदेशातल्या एका क्लबने तिला करारावर घेतलं. आता खेळणं हीच तिची नोकरी, आणि आजवर तिला पुन्हा लाल कार्ड मिळालेलं नाही.

मी मात्र गोठ्यात पडून राहिले. चार वर्षं. पोटात उंदरांनी बिऱ्हाड केलं, कोंबड्या अंगावर बसू लागल्या. खोटं कशाला सांगू, वाईट वाटलं. तिकडे तिला मऊ, रंगीत, विकतच्या गोण्या मिळत असतील, असंही मनात यायचं.

यंदा ती यात्रेला घरी आली. गावाने सत्कार ठेवला, बापलेकींना फेटे बांधले. धर्माजींनी मला झटकून पिकअपमध्ये घातलं तेव्हा लोकांना वाटलं, बैलांची वैरण असेल. त्यांनी मला स्टेजवर नेऊन उभं केलं. माणसं हसली. धर्माजींनी माईक घेतला.

"समदे म्हंत्यात, धर्माजीनं पोरीला घडिवलं," ते म्हणाले. "चूक बी धर्माजीनंच शिकिवली व्हती, राव. ती सापडली ह्या गोणीवर."

आणि त्यांनी डोक्यावरचा फेटा उतरवून माझ्या डोक्यावर ठेवला. इंद्रायणीने डोळे पुसले. मांडवात कोणी हसलं नाही.

म्हणून मित्रांनो, एक मागणं आहे. घरातली एखादी जुनी वस्तू फेकायला निघालात तर आधी ती हातात घ्या आणि कुठे झिजली आहे ते बघा. तुमच्या माणसाने कुठे किती जोर लावला, हे तिला माहीत असतं.