डेलबर्टचा उपडा चमचा

मित्रांनो, मी मॅपलच्या लाकडाचं एक जुनं गोल टेबल आहे. अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या एका छोट्या गावात, व्हर्नीसच्या हॉटेलात माझं आयुष्य गेलं. त्याआधी माझ्या फळ्या इथल्या कॉलेजच्या बास्केटबॉलच्या मैदानाला होत्या. नवं मैदान झालं तेव्हा व्हर्नीसच्या नवऱ्याने त्या उचलून आणल्या, रंधा मारला आणि मला घडवलं. खेळणाऱ्या पोरींच्या बुटांचे ओरखडे मात्र त्याने मुद्दाम राखले. तेव्हा मला काय मान होता! लोक खुर्चीत बसण्याआधी माझ्यावरून हात फिरवत.

कॉलेजच्या मुलींचा संघ म्हणजे या गावाचा जीव की प्राण. हंगाम संपला की माझ्याभोवती दरबार भरे. पुढच्या वर्षी संघात कोण हवं, कोण नको, बाहेरून कुणाला आणावं, यावर कॉफी गार होईपर्यंत भांडणं. मतदान चमच्यांनी चाले. एकेका मुलीचं नाव घ्यायचं. चमचा उताणा म्हणजे राहू दे, उपडा म्हणजे जाऊ दे. संघाच्या प्रशिक्षकबाई या मंडळींना विचारायला कधीच आल्या नाहीत, पण यांचा रुबाब बघावा!

सगळ्यांत कडक डेलबर्ट. त्याने जन्मभर शाळांच्या सामन्यांत पंचगिरी केली होती. "हा सख्ख्या आईलाही फाउल देईल," असं व्हर्नीस म्हणायची, आणि तो खूश व्हायचा.

त्याची नात ब्रेना याच संघात खेळायची. आईबाप वेगळे झाल्यापासून ती त्याच्याकडेच वाढली. गेल्या हंगामात तिचा गुडघा दुखावला आणि खेळ उतरला. त्यातच दुसऱ्या कॉलेजची एक उंच मुलगी इथे यायला निघाली. आता ब्रेनाला ठेवतात की काढतात, याचा घोर त्या घराला लागला होता.

एके सकाळी निवृत्त पोस्टमन आर्लो बोलून गेला, "उंच पोरगी आली तर एकीला जावं लागणार. मग... ब्रेना?"

"ए, गप रे! तिचं नाव कशाला काढतोस?" व्हर्नीस कडाडली.

"घ्या की नाव," डेलबर्ट म्हणाला. "नियम सगळ्यांना सारखा."

आर्लोने ओशाळून चमचा उताणा ठेवला. व्हर्नीसनेही. डेलबर्टने मात्र आपला उपडा केला. "तिच्या पायात आता वेग नाही. संघ मोठा की माझी नात मोठी?"

"अरे मेल्या, मागे बघ," व्हर्नीस पुटपुटली.

ब्रेना त्याच्या खुर्चीमागेच उभी होती. "आजोबा, बाईंनी आत्ताच बोलावलं होतं मला," ती म्हणाली. "म्हणाल्या, गुडघा बरा होईल, तू राहा. तेच सांगायला धावत आले." मग ती थोडं थांबली. "पण तुमचंच बरोबर असेल."

मला तर वाटलं, माझ्या फळ्या पुन्हा उकलाव्यात.

ती राहिली नाही. दूर ओरेगनच्या कॉलेजात निघून गेली. बाईंनी समजावलं, डेलबर्टने हात जोडले, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. आता ती फोनवर हवापाण्याचं बोलते आणि ठेवते. दरबारही मोडला. हल्ली लोक फोनच्या पडद्यावरच पोरींना नावं ठेवतात. मला मागच्या भिंतीला सरकवलं आहे. डेलबर्ट रोज येतो आणि दाराकडे तोंड करून एकटाच बसतो.

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. वादही खुशाल घाला, त्याशिवाय खेळाला मजा नाही. पण ज्याचं नाव घ्याल, ते कुणाचं तरी लेकरू आहे हे विसरू नका. आणि ते लेकरू तुमच्याच घरचं असेल, तर पंच होऊ नका. न्याय करायला सारं गाव बसलेलं असतं. त्याला आपलं म्हणायला मात्र फक्त तुम्ही असता.