शेवटच्या पानातला तांदूळ

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुमच्या हातात एक फाटकं पुस्तक आहे. मुखपृष्ठ गेलेलं, शिवण सैल झालेली, पहिल्या पानावर गोव्यात पेडणे तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाचा जांभळा शिक्का. आता शेवटचं पान उघडा आणि त्यावर बोट फिरवा. एक बारीकसा खळगा लागेल, तांदळाच्या दाण्याएवढा. तो कसा पडला ते मी सांगणार आहे. सांगताना मध्येच अडखळले तर समजून घ्या, कारण या गोष्टीत चूक माझीही आहे.

मी एक जुनी कादंबरी आहे. आज मी घाटावर, चंदगडच्या बाजूला एका घराच्या फळीवर असते. त्या घरातली बाई इतक्या वर्षांनंतरही ‘मला’ म्हणायच्या जागी ‘माका’ म्हणते आणि घरातली मुलं तिला हसतात.

मी छापखान्यातून निघाले तेव्हा माझ्या मुखपृष्ठावर वाघाचे पिवळे डोळे होते आणि मोकळ्या केसांची एक मुलगी होती. माझ्या पोटातली गोष्टही तशीच. एका तरुणाला एक मुळी सापडते. ती उगाळून लावली की त्याचा वाघ होतो. वाघ होण्याआधी तो आपल्या प्रियेच्या हातात मंतरलेले तांदूळ देतो. ते तिनं अंगावर टाकले तरच तो पुन्हा माणूस व्हायचा. शेवटच्या खेपेला वाघ समोर येतो आणि भीतीनं तिच्या मुठीतले तांदूळ सांडून जातात. पण एक दाणा तिच्या केसांत अडकलेला असतो. त्या एका दाण्यावर माझी गोष्ट संपते.

असल्या पुस्तकांना वाचनालयात मान नसतो. देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, एका खोलीत आमचं वाचनालय होतं. चरित्रं आणि पोथ्या वरच्या फळीवर असायच्या, मी सगळ्यांत खालच्या, जिथे केर साचतो. वाचनालय सांभाळणारे कृष्णनाथबाब मला चिमटीत धरूनच उचलत.

ते गोवा घटकराज्य होण्याच्या आधीचे दिवस होते. मराठी हवी की कोंकणी, हा वाद घराघरांत होता. पोस्टमन धाकू टपाल टाकायला आला की सायकल भिंतीला लावून वाद घालत बसायचा.

“मराठीच जाय! दुसरें कांय नाका!” कृष्णनाथबाब टेबलावर हात आपटत.

“बाबा, तूं मराठी जाय म्हणटा, पूण म्हणटा तें कोंकणींत,” धाकू म्हणायचा, आणि सगळी खोली हसायची. कृष्णनाथबाबही हसत.

मला मात्र खरं वाचणारी माणसं दोनच होती. एक मारुती. चंदगडचा, तुयें गावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. दुसरी कमलाक्षी. घरी शिवणकाम करायची, भावाच्या घरात राहायची. रविवारी सकाळी मारुती मला परत करायचा. संध्याकाळी कमलाक्षीची भाची तनया मला न्यायला यायची, कारण परकरपोलक्यातल्या चौथीच्या मुलीला कोणी काही विचारत नाही. पुढच्या रविवारी पुन्हा मारुती.

“घाटावयल्याक वाघाचें पुस्तक बरें आवडलां!” धाकू डोळा मिचकावायचा.

“व्हय की,” मारुती खाली बघत म्हणायचा. “आमच्याकडं वाघ हाईत, पर अशी गोष्ट न्हाई.”

खरी गोष्ट माझ्या ओळींखाली होती. मारुती अक्षरांखाली पेन्सिलीनं बारीक ठिपके द्यायचा. ठिपक्यांची अक्षरं जुळवली की वाक्य व्हायचं. कमलाक्षी पुढच्या पानांवर तसंच उत्तर द्यायची. रस्त्यात ती दोघं बोलली असती तर दुपारपर्यंत गावभर झालं असतं. म्हणून पाच महिने ती माझ्यात बोलली. पहिल्या ठिपक्यांत त्यानं विचारलं होतं, “तुम्हाला वाघाचं भ्या वाटतं का?” तिनं लिहिलं होतं, “वाघाचं नाही, वहिनीचं वाटतं.”

मग मे महिना जवळ आला. तीस तारखेला घटकराज्याचा सोहळा अग्रशाळेत करायचा ठरला. कृष्णनाथबाबांनी मुलांना सांगितलं, “जो कोण वाचनालयाचीं पुस्तकां नितळ करतलो, ताका बक्षीस.” तनयाच्या डोळ्यांत चांदणं पडलं. तिच्याकडे वासाचं नवं खोडरबर होतं.

त्याच आठवड्यात मारुतीनं माझ्यात शेवटचे ठिपके दिले होते. ते मला अजून पाठ आहेत. “इथलं काम संपलं. पुढच्या रविवारी गावी जातो. होकार असेल तर शेवटच्या पानात तांदळाचा एक दाणा ठेव. आईला घेऊन मागणी घालायला येतो. दाणा नसेल तर पुन्हा तुझं नाव घेणार नाही.”

रविवारी सकाळी त्यानं मला परत केलं आणि संध्याकाळी तनयानं मला घरी नेलं. पण आत्येच्या हातात देण्याआधी ती पडवीत जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, बसली, उजेडात मला उघडलं आणि ठिपके बघून तिनं जीभ टाळ्याला लावली. “शी! कोणें पुस्तक असें घाण केलां?”

आणि ती पुसू लागली.

मित्रांनो, इथेच मी अडखळते. मला बोलता येत नाही हे खरं. पण खरं सांगायचं तर, त्या घटकेला बोलता आलं असतं तरी मी बोलले नसते. इतकी वर्षं मला कोणी मायेनं हात लावला नव्हता. ते लहान हात एकेक पान सपाट करत होते, फुंकर घालत होते, फाटलेल्या कडा खळीनं चिकटवत होते. मला गुदगुल्या होत होत्या. मी नवी होत होते. पाच महिन्यांचं बोलणं काळ्या चुऱ्यासारखं पडवीत पडत होतं, आणि मी सुखानं डोळे मिटून घेतले होते.

कमलाक्षीनं मला उघडलं. एक पान, दुसरं पान. मग ती भराभरा मागे गेली, अगदी पहिल्या ठिपक्यापर्यंत. सगळं कोरं. तिला वाटलं, मारुतीनंच पुसलं. बोललेलं सगळं मागे घेतलं. आठवडाभर मी तिच्या शिवणाच्या पेटीत कापडाच्या तुकड्यांखाली पडून होते.

रविवारी तनयानं मला सकाळीच परत नेलं. मारुती वाटच बघत होता. खांद्याला पिशवी होती. त्यानं शेवटचं पान उघडलं. दाणा नव्हता. मग त्यानं आतली पानं पाहिली. त्याला वाटलं, तिनंच पुसलं.

“दुसरें व्हर रे आतां, नवीन आयल्यांत,” कृष्णनाथबाब म्हणाले.

“नको, बाब. माझं नाव तेवढं वहीतनं काढा. गावाकडं चाललोय.”

“परत केन्ना?”

“आता कशाला?” मारुती म्हणाला, आणि मला त्यानं टेबलावर पालथं ठेवलं.

तीस मे उजाडली. पताका लागल्या, लाडू वाटले. कृष्णनाथबाबांनी तनयाला पुढे बोलावलं, मला वर धरलं आणि सगळ्यांना दाखवलं. “पळयात! ह्या चेडवान हें पुस्तक कशें केलां! अक्षरांसकयल थेंबे आशिल्ले, ते सुद्धां एकान एक पुसून काडले!” टाळ्या वाजल्या. तनयाला रंगीत पेन्सिलींची पेटी मिळाली. ठिपक्यांचं ऐकताच बायकांच्या रांगेत कमलाक्षी उभी राहिली होती, ती पुन्हा खाली बसली.

घरी गेल्यावर तिनं तनयाला जवळ घेतलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, “सगळेच पुसले गो बाय? शेवटाचे कितें आशिल्ले, याद आसा?”

“हांवें वाचूंकच ना, आते,” तनया म्हणाली, आणि आत्येचा चेहरा बघून तिला रडू फुटलं. मग कमलाक्षीनं तिला सगळं सांगितलं.

हे मला तनयाच्याच तोंडून कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाचनालयात धावत आली आणि कृष्णनाथबाबांना हुंदके देत एका दमात सांगू लागली. त्यांनी ऐकून घेतलं. मला उजेडासमोर तिरपं धरलं. पुसलेल्या जागी पेन्सिलीच्या टोकाचे व्रण चमकत होते. चष्मा लावून ते एकेक अक्षर बोलू लागले आणि तनया ते कागदावर लिहू लागली. ‘दाणा नसेल तर’ इथे आल्यावर कृष्णनाथबाब थांबले. “आनी हांवें तुका बक्षीस दिलें,” ते म्हणाले. त्यांनी वही काढली, मारुतीच्या गावाचा पत्ता उतरवून दिला आणि मला पुन्हा मारुतीच्याच नावावर चढवलं.

मुलांनो, पुस्तकं जपा, हे मी सांगायलाच हवं. पण एखादी खूण पुसण्याआधी ती कोणाची आहे, एवढं विचारा. मला कोणी विचारलं नाही, आणि मलाही कोणी विचारावंसं वाटलं नाही. ते ठिपके पुन्हा कधीच तसे उमटले नाहीत. त्या दोघांच्या पोरकेपणाचा तो महिनाही मी परत देऊ शकत नाही.

तनया मला घेऊन घरी आली. बक्षिसातली निळी पेन्सिल तिनं टोक काढून घेतली आणि माझ्या पहिल्या पानावर, शिक्क्याखाली, मोठ्या अक्षरांत लिहिलं : “मी पुसलं. आत्येनं नाही. तनया.” मग ती स्वयंपाकघरात गेली. कमलाक्षी सुपात तांदूळ निवडत होती. तनयानं आधी तो कागद तिच्या हातात दिला आणि ती वाचेपर्यंत उभी राहिली. सुपात हात घालून स्वतःच एक दाणा उचलणं सोपं होतं. तिचा हात पुढे गेलाही. पण तिनं तो मागे घेतला, माझं शेवटचं पान उघडलं आणि मला आत्येसमोर धरलं.

“हें तुजें, आते. घालशी?”

कमलाक्षीनं डोळे पुसले. सुपातले दाणे बोटानं सारत सारत तिनं एक अख्खा, न तुटलेला दाणा निवडला आणि माझ्या शेवटच्या पानावर ठेवला.

तनयानं मला मिटलं, सुतळीनं घट्ट बांधलं, मारुतीचा पत्ता वर खोचला, छातीशी धरलं आणि टपाल घेऊन वळणावर दिसेनाशा होत असलेल्या धाकूच्या सायकलीमागे अनवाणी धावत सुटली.