अक्काची पिवळी काच

माझ्या भट्टीची आच अशी, की भिंतीवरचं कॅलेंडर रविवारीसुद्धा घाम गाळायचं. खोटं वाटत असेल तर कॅलेंडरला विचारा.

जन्मभर त्या भट्टीपुढे उभं राहून मी काच फुंकली. आता भट्टी विझली, बायको गेली, आणि घरात बोलायला उरला एक गळका नळ. तोही थेंबाथेंबानेच उत्तर देतो.

गल्लीपलीकडे माझी थोरली बहीण, अक्का, एकटी राहते. तिच्या खिडकीतल्या दिव्यासाठी मी दोन काचा फुंकून दिल्या होत्या. एक पांढरी, एक मधासारखी पिवळी. पांढरी म्हणजे सगळं ठीक. पिवळी म्हणजे ये. आणि कशाला बोलावलं ते विचारायचं नाही, हा अक्काचा नियम. "म्हातारपणी माणसाचं काय काय अडतं, ते तोंडाने वदवून घेऊ नये," असं तिचं म्हणणं.

अलीकडे मात्र रोज संध्याकाळी पिवळा दिवा. मी कुरकुरत चपला घालायचो. अक्का चहा टाकायची, माझ्या थापा ऐकून घ्यायची.

"भट्टीतून उडालेली काच चंद्राला चिकटली म्हणे! जा, पुसून ये आधी."

काम मात्र एकही सांगायची नाही. बिचारीला करमत नसेल, असं मनाशी म्हणत मी चहाचा दुसरा कपही संपवायचो.

मग एकदा तिच्या जिन्याची पायरी चुकलो, आणि अक्काने मला डोळ्यांच्या दवाखान्यात पिटाळलं.

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आजोबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"भट्टीची कृपा, दुसरं काय!"

"आचेनेही होतो. मार लागून होतो, मधुमेहाने होतो, स्टिरॉइडची औषधं फार दिवस घेतली तरी होतो. काही बाळं तर तो घेऊनच जन्माला येतात. तुमचा मात्र वयाचा दिसतोय."

"म्हणजे यातही प्रकार आहेत?"

"आहेत तर! कुणाच्या भिंगात कडेकडून पांढऱ्या रेघा आत सरकतात. कुणाच्या भिंगाला मागून डाग धरतो, मग उजेडात डोळे दिपतात. तुमचा भिंगाचा गाभाच पिवळा पडलाय. पांढरंसुद्धा पिवळं दिसत असेल. हळूहळू होतं, म्हणून कळत नाही."

काचवाल्याला काच शिकवतेय, म्हणून मी नुसता हसलो.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या संध्याकाळी खिडकीत बसलो. अक्काचा दिवा लागला. पांढरा, धुतल्यासारखा लख्ख. दुसऱ्या दिवशीही तसाच. त्यानंतरही.

मी उजवा डोळा मिटला. तोच दिवा, पिवळाधमक.

म्हणजे अक्काने मला कधी बोलावलंच नव्हतं. मीच आपला रोज जाऊन बसत होतो. आणि कशाला आलास, हे तिनेही विचारलं नव्हतं.

आता कुठल्या तोंडाने जाणार? मागे नळ टपटपत होता. त्याचं बराच वेळ ऐकलं. शेवटी उजवा डोळा गच्च मिटला आणि गल्ली ओलांडली.

"उगवलास एकदाचा!" अक्का म्हणाली. "आणि तो डोळा का मिटलायस?"

"उजेड लागतो."

"उघड बघू."

उघडला. फळीवर पिवळी काच पडून होती. तिच्यावर बोटभर धूळ. अक्काने माझी नजर कुठे गेली ते पाहिलं, आणि चहाचं आधण ठेवलं.

"डावाही करून घे," पाठमोरीच म्हणाली. "आणि ती काच तेवढी पुसून दिव्याला लाव. माझा हात पोचत नाही."