चारच्या आधीचा एक

थोरलीच्या व्यायामशाळेत नवीन माणूस आला की त्याचा पहिला दिवस नुसता बोलण्यात जायचा. गोळ्या कोणत्या चालू आहेत, मागे कधी पडलात का, जिना चढताना दम लागतो का, सगळं ती खोदून खोदून विचारायची. काउंटरवर बसलेली धाकटी बहीण नाक मुरडायची. "ताई, लोक घाम गाळायला येतात. तू त्यांची मुलाखत घेत बसतेस."

टेलरकाका आले तेव्हा सत्तरीला टेकले होते. जन्मभर मशीनवर वाकून पाठीची कमान झालेली, रक्तदाबाची गोळी रोजची आणि उजवा खांदा कुरकुरणारा. त्यांची मागणी एवढीच होती, "वरच्या फळीवरचा कापडाचा तागा माझा मला उतरवता यावा. दर वेळी सूनबाईला हाक मारायची लाज वाटते."

थोरलीने त्यांचा तक्ता बनवला. आधी खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून ढकलणं आणि गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने चालणं. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. जोर लावताना श्वास कोंडायचा नाही. तिसऱ्या महिन्यात त्यांच्या हातात चार किलोची डंबेल्स आली, तीही छातीपर्यंतच उचलायची. तक्ता ती पेन्सिलने लिहायची, कारण माणूस बदलला की आकडे बदलायला लागतात. काका तो घडी घालून खिशात ठेवत आणि प्रत्येक ओळ मोठ्याने वाचूनच हात हलवत.

मग आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. थोरली दहा दिवस गावी गेली. निघताना तिने धाकटीला बजावलं, "काकांना तक्त्याबाहेर काही देऊ नकोस."

"मी काय काल आलेय का? तूच शिकवलंयस ना सगळं?"

खरंच तिनेच शिकवलं होतं. पाय किती अंतरावर ठेवायचे, पाठीला हात कुठे द्यायचा, इथपासून.

परत आली तेव्हा काका दिसेनात. धाकटी म्हणाली, "कंटाळले असतील." दोन दिवसांनी थोरलीने फोन लावला. तो सुनेने उचलला. वजन उचलताना काकांच्या खांद्याचा स्नायू फाटला होता.

"तक्ता तुमचाच आहे," सून कोरडेपणाने म्हणाली. "तुमची बहीण म्हणाली, ताई घाईत होती, चुकून लिहिलं गेलं असेल."

थोरली तशीच त्यांच्या घरी गेली. काका हात गळ्यात बांधून बसले होते. त्यांनी तक्ता पुढे केला. डंबेल्सच्या ओळीत चौदा किलो लिहिलेलं होतं, आणि 'छातीपर्यंत' खोडून 'डोक्यावर' केलं होतं. चार पेन्सिलचा होता. त्याच्या आधीचा एक निळ्या पेनचा. तो एक कोणाचा, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. धाकटीला अक्षरही तिनेच गिरवायला लावलं होतं.

व्यायामशाळेत येऊन तिने तक्ता काउंटरवर ठेवला. धाकटीने एकदा पाहिलं आणि मान फिरवली.

"दारावर लावायला फोटो हवा होता. सत्तरीचा माणूस वजन डोक्यावर धरून उभा, म्हटलं लोक थांबून बघतील. काका ऐकेनात. म्हणाले, ताईंनी लिहिलं असेल तरच उचलीन."

"म्हणून लिहिलंस?"

"एका फोटोपुरतं, ताई."

"आणि चूक माझी म्हणालीस."

"तुला लोक माफ करतात. मला नसतं केलं."

थोरलीला रडू आलं नाही. तिने तक्त्याची पुन्हा घडी घातली. "चल, काकांना खरं सांगू," ती म्हणाली. धाकटी जागची हलली नाही.

मग थोरली एकटीच काकांकडे गेली. सगळं सांगून झाल्यावर काकांनी विचारलं, "म्हणजे तुमचं काही चुकलं नाही म्हणायचं?"

"चुकलं. मी तुम्हाला तिच्या हवाली केलं."

काकांनी गळ्यात बांधलेला हात सावरला. "खांदा होईल बरा. पण आता कोणाचाही कागद वाचून हात उचलवणार नाही माझ्याच्याने." सुनेने तिला पाणीही विचारलं नाही. आधीची वजनं आणि गोळ्या लिहिलेली चिठ्ठी डॉक्टरांसाठी ठेवून थोरली उठली.

आईचा फोन आला. "सख्खी बहीण आहे. पोटात घाल."

"घातलंय गं. म्हणून तर घास उतरत नाही."

महिनाअखेरीस थोरलीने व्यायामशाळा धाकटीला सोडून दिली आणि आपल्या माणसांना शाळेच्या एका रिकाम्या हॉलमध्ये बोलावलं. निम्मी आली, निम्मी धाकटीकडेच राहिली. काका कुठेच गेले नाहीत. बहिणी आता आईच्या तपासणीला दवाखान्यात भेटतात, मधली खुर्ची रिकामी ठेवून बसतात आणि औषधांच्या वेळांपलीकडे बोलत नाहीत.