चाळणीवर राहिलेलं

माळ्याने चाळणीला शेवटचा हिसका दिला आणि काळंभोर, भुसभुशीत खत ताडपत्रीवर सांडलं. वर जाळीत फळांवरचे स्टिकर, एक प्लॅस्टिकचा चमचा, बाटल्यांची टोपणं असलं काहीबाही उरलं होतं. आणि त्यात, मातीने माखलेली, कुणाच्या तरी खालच्या दातांची अख्खी कवळी.

आधी कुणाला उमगेना. मग पुढच्या रांगेतली एक बाई "अगं बाई, दात!" म्हणून ओरडली आणि जमलेले सगळेच हसत सुटले.

माइकपाशी उभी असलेली ती अशी संधी थोडीच सोडणार! उद्यान खात्याच्या फेलोशिपवर आलेल्या या बाईला बागेत सगळे 'खतबाई' म्हणत आणि तिला ते आवडायचं. ओल्या कचऱ्याचा हिरवा डबा, सुक्याचा निळा, कुंपणालगतचे खताचे हौद, असा संसार तिने इथे वर्षभर मांडला होता. आज पहिलं खत चाळलं जात होतं. समोर खात्याचे साहेब बसले होते आणि फेलोशिप आणखी वर्षभर वाढवायची की नाही, ते त्यांच्याच हातात होतं. तिने हातमोज्याच्या दोन बोटांत कवळी धरली आणि माइक पुढे ओढला.

"मंडळी, आमच्या खताला दात आले!"

पुन्हा हशा.

"ज्यांचे असतील त्यांनी ओळख पटवावी आणि घेऊन जावेत. पण त्याआधी हिरव्या डब्यात काय टाकायचं, ते सगळ्यांसमोर पाठ म्हणून दाखवायचं!"

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. पुढच्या रांगेच्या टोकाला तिचे सासरे बसले होते. सुनेचं कौतुक बघायला चला म्हणून तिनेच त्यांना आग्रहाने आणलं होतं. तेही हसले, जरा उशिरा आणि तोंडावर रुमाल धरून. हल्ली रुमाल त्यांच्या तोंडावरून हलतच नसे. सर्दी आहे म्हणायचे.

टेबलावर 'न कुजणाऱ्या वस्तू' अशी चिठ्ठी लावलेली काचेची बरणी होती. कवळी तिच्यात सगळ्यांत वर जाऊन बसली. लोक वाकून वाकून फोटो काढू लागले.

"ही बरणी आपण सगळ्या बागांमधून फिरवू," साहेब म्हणाले. "तुमचं पुढच्या वर्षीचं पहिलं काम हेच, असं धरून चाला."

पुढच्या वर्षीचं! तिचे पाय जमिनीला लागेनात. त्याच आनंदात तिने सफरचंदाच्या फोडींची बशी फिरवली आणि सासऱ्यांच्या हातात एक फोड दिली. त्यांनी ती घेतली, मान डोलावली, आणि ती पुढे सरकल्यावर हळूच खिशात टाकली. तिने वळून पाहिलं म्हणून तिला दिसलं. नसतं पाहिलं तर बरं झालं असतं, असं तिला नंतर कितीदा तरी वाटलं.

खुर्च्या आवरताना बागेचा रखवालदार घुटमळत जवळ आला.

"मॅडम, रागावणार नसाल तर एक सांगू? ते रुमालवाले आजोबा आज पुढच्या खुर्चीवर कसे?"

"का? काय झालं?"

"अहो, तेच ते. डबे उपसणारे."

डबे उपसणारं कुणीतरी होतं, हे तिला चांगलंच आठवत होतं. हिरव्या डब्यांतला कचरा सकाळी सकाळी पायवाटेवर पसरलेला असायचा. मग तिने खात्याच्या मागे लागून सगळ्या डब्यांना कुलपं बसवून घेतली होती. आपल्या अहवालात त्या कुलपांवर तिने एक झकास परिच्छेदही लिहिला होता.

"मी हटकलं की हात जोडायचे," रखवालदार सांगत होता. "माझी एक वस्तू चुकून आत गेलीय, तेवढी बघू द्या म्हणायचे. पण तुमचा हुकूम होता ना, कुणाचं ऐकायचं नाही. एकदा दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं मी त्यांना. चांगल्या घरचे वाटतात हो. कुणाचे कोण, देव जाणे."

माझे सासरे आहेत. एवढं साधं वाक्य होतं. पण साहेब हाकेच्या अंतरावर उभे होते.

"बघते मी," ती म्हणाली. आणि असं म्हटल्याबद्दल तिला स्वतःची किळस आली.

आता सगळं सरळ दिसायला लागलं. सासऱ्यांचं आयुष्य पुस्तकबांधणीत गेलेलं, कागदाचा कपटासुद्धा नीट घडी घातल्याशिवाय ते टाकत नसत. बाकावर बसून काही खाताना कवळीखाली बी अडकलं, की ती काढून कागदी रुमालात ठेवायची त्यांची सवय. आणि खरकटा कागदी रुमाल हिरव्या डब्यात टाकायचा, तो कुजतो, हे तिनेच त्यांना घरी घोकून घोकून शिकवलं होतं. त्यांनी चौकोनी घडी घातली असेल आणि शहाण्या विद्यार्थ्यासारखी योग्य त्या डब्यात टाकली असेल. त्यानंतर त्यांनी फळं सोडली, दाणे सोडले, पोट बिघडतंय म्हणाले. तिच्यानंतर एकटे जेवायला बसू लागले. नवरा परगावी नोकरीला, घरात दोघंच माणसं. दुसऱ्या माणसाचे गाल बसलेले हिला दिसले नाहीत. सगळ्या बागेच्या कचऱ्यात काय काय असतं ते मात्र हिला तोंडपाठ होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

धुऊन आणते, असं साहेबांना सांगून तिने कवळी घरी आणली. गरम पाण्याने, साबणाने, पुन्हा गरम पाण्याने धुतली. बेसिनशेजारची त्यांची झाकणाची वाटी कोरडी ठणठणीत होती. तिच्यात पाणी भरून तिने कवळी आत ठेवली आणि गुन्हेगारासारखी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

बऱ्याच वेळाने सासरे वाटी घेऊन आले. रुमाल हातात नव्हता.

"बसत नाही गं आता," ते म्हणाले. "फार दिवस काढून ठेवली की हिरडी बदलते. डॉक्टरांनी सांगितलंच होतं."

"बाबा, मला बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तू महिनाभर शिकवलंस आणि मी ओल्या कचऱ्यात दात टाकून आलो!" ते हसले. त्यांचं तोंड एवढं आत गेलेलं तिने पहिल्यांदाच पाहिलं. "लोक म्हणाले असते, हिच्या घरचंच माणूस असं. तुझ्या कामाला नावं ठेवली असती."

"त्या रखवालदाराने तुम्हाला..."

"त्याला काही बोलायचं नाही हं. तो बिचारा नोकरी करतो."

त्यांनी कवळी पुसली, कागदी रुमालात ठेवली, कडा जुळवून चौकोनी घडी घातली आणि पुडी तिच्या हातात दिली.

"बरणीत ठेव परत. छान हसले लोक, त्यांच्या लक्षात राहील. आणि ती दिसली नाही तर साहेब विचारतील, कुणी नेली. मग तुला सांगावं लागेल."

त्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर तिला सोसला असता. लाजेने तिला वर बघवेना. ते टेबलाशी बसले आणि दुधात भिजवलेला ब्रेड चमच्याने खाऊ लागले.

ती बाहेरच्या खोलीत आली. पुडी मुठीत तशीच होती. तिने साहेबांना फोन लावला.

"साहेब, कवळी बरणीत परत येणार नाही. ज्यांची होती, त्यांची ओळख पटली."

"अरे वा! कोण निघालं मग?" साहेबांच्या आवाजात सकाळचं हसू तसंच होतं. "पाठ म्हणून घेतलंत की नाही त्यांच्याकडून?"

तिने मधल्या दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं.

"माझे सासरे आहेत," ती म्हणाली. आतपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली.

आतला चमच्याचा आवाज थांबला.