गल्लीचा स्पीकर

ते २०२२ साल. श्रावणात माझी सून मनवा तापाने गेली आणि दिवाळीच्या आधी आमच्या ऑफिसात स्पीकर आला. मधले महिने मला फारसे आठवत नाहीत. लग्न होऊन शिंगणापुरात आले त्या दिवशी सासूबाईंनी कुठल्या रंगाचं पातळ नेसवलं ते मी आजही सांगेन, पण त्या भाद्रपदात आम्ही काय जेवलो ते सांगता येणार नाही.

ऑफिस म्हणजे शनिदर्शनाला येणाऱ्यांना खोल्या देण्याचं. आमच्या ह्यांनी, विष्णुपंतांनी, ते सुरू केलं. तेव्हा टेबलावर रेडिओ असे. बातम्या लागल्या की गल्लीतली माणसं येऊन उभी राहायची. गावातल्या घरांसारखी ऑफिसलाही नुसती चौकट, दार नाही; राखण शनिदेवाची. त्यामुळे आतलं बाहेर ऐकू जातं आणि बाहेरचं आत. ह्यांच्यामागे माझा मुलगा केदार आणि मनवा मिळून सगळं बघायचे.

मनवा गेल्यावर केदार कामापुरतं बोलू लागला. "खोली आहे." "खोली नाही." "आधार कार्ड द्या." तो रडला नाही. मीही रडले नाही. शेजारी शेजारी बसायचो, पंखा फिरायचा. एक दिवस म्हणाला, "आई, सोनईचे गोरक्षनाथ ऑफिस चालवायला मागतायत. गुढीपाडव्याला देऊन टाकतो आणि पुण्याला जातो."

"बरं," मी म्हणाले. हा एकदा गेला की परत येणार नाही, हे मला कळत होतं. पण तोंडातून तेवढंच आलं.

काउंटरवर बसणारी सविता कंटाळली होती. "काकू, गिऱ्हाईकसुद्धा इथे दुखवट्याला आल्यासारखं हळू बोलतं. काहीतरी गाणं-बिणं लावू या. नाहीतर मी दुसरीकडे काम बघते."

केदारने मान वर केली नाही. "आणा काय आणायचं ते. पण वर्ष झालेलं नाही. मी लावणार नाही, आईही लावणार नाही."

"मी लावते ना, दादा."

"तू आमच्याकडची. तू लावलंस म्हणजे आम्हीच लावलं."

खरं होतं ते. मयत झालेल्या घरात वर्षभर गाणं लागत नाही, आणि ऑफिस हे आमचं घरच. तरी खोल्यांची देखभाल करणारा कानिफनाथ म्हणाला, "वरीस काय, सरंलच की. आनून तर ठिऊ." आणि सोनईच्या दुकानातून दोन स्पीकर घेऊन आला. बघा, आवडेल तो ठेवा, दुसरा परत करा, असं दुकानदाराने सांगितलं होतं.

एक मोठा होता, पिठाच्या डब्याएवढा. एक लहान, कडीवाला. दोन्ही बिनवायरीचे, मोबाईलवरून वाजणारे.

"ह्यो भारी हाय," कानिफनाथ मोठ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "आवाज लई. आन ह्याला कुलूप हाय म्हनं. आपन आपल्या मोबाईलवर व्हय म्हटल्याबिगर दुसऱ्याचा मोबाईल ह्याला जोडतच न्हाई. ह्यो बारका साधा. कुनीबी जोडा."

"मग कुलपाचाच घेऊ," सविता म्हणाली. "नाहीतर कोणीही येईल आणि काहीही लावेल."

"गावात कुलूप आनायचं? देव बसलाय तिकडं, न्हाई का?"

"अहो, ते कुलूप मोबाईलमधलं!"

"मग मोबाईल काय गावाभायेर हाय व्हय?"

दोघं माझ्याकडे बघू लागली. मी म्हणाले, "लहान ठेवा." फार विचार केला असं नाही. ह्या जागेत कधी कुलूप आलं नव्हतं, एवढंच.

लहान स्पीकर चौकटीजवळच्या फळीवर बसला. निळा दिवा लुकलुकायचा. लावायला कोणीच नाही.

मग एका दुपारी तो आपण होऊन बोलला, "शेळीला जंत झाले असतील तर सर्वप्रथम..." सविताच्या हातातला चहा सांडला. समोर तेल आणि रुईच्या माळा विकणारी आक्काबाई ओरडत होती, "सविते, माजा मोबाईल मुका झाला गं! आवाजच न्हाई!"

"आक्का, तुमची शेळी आमच्याकडे आलीय! तुमचा मोबाईल आमच्या स्पीकरला जोडला गेलाय!"

आक्काबाई हसत आली, चौकटीत उभी राहिली. केदारकडे बघून तिचं हसू थांबलं. मग मला म्हणाली, "वैनी, वरीस तुमाला हाय. मला काय हाय?" आणि आपल्या दुकानात जाऊन तिने जुनी गाणी लावली. ती आमच्याकडे वाजू लागली.

मी केदारकडे पाहिलं. तो पावत्या फाडत होता. बंद करा म्हणाला नाही.

मग फुलवाला लावू लागला, जीपवाला लावू लागला. पाळीवरून भांडणं. "तुजं गानं हाय का चक्कीचा पट्टा?" आक्काबाई जीपवाल्याला म्हणायची. मला त्याने बरं वाटलं का? सांगता येत नाही. कानावर पडायचं, आत जात नव्हतं. पण एकदा केदार सविताला म्हणाला, "जीपवाल्याला सांग, रोज तेच लावतोय." श्रावणापासून काम आणि दुखवटा सोडून बोललेलं त्याचं ते पहिलं वाक्य.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी गोरक्षनाथ बोलणी पक्की करायला आले. गाणं चालू होतं. त्यांनी कपाळाला आठी घातली. "केदारशेठ, तुमचं वर्ष झालं का?"

"नाही. आम्ही नाही लावलं. गल्लीचं आहे."

"मग बंद करा की."

"आमचं नाही, तर बंद कसं करू?"

गोरक्षनाथ हसले. "राहू द्या. माझ्याकडे आलं की पहिला हा डबा काढतो. ऑफिसात गिऱ्हाईकाचं ऐकायचं की गल्लीचं?"

केदारने स्पीकरकडे पाहिलं. आवाज चढला नाही, चेहरा हलला नाही. "मग नको," तो म्हणाला.

"काय नको?"

"ऑफिस द्यायचं नाही. चहा घ्या."

गोरक्षनाथांनी चहा घेतला नाही. पुढे त्यांनी घोडेगावच्या रस्त्याला स्वतःचं लॉज बांधलं. बरं चाललंय म्हणतात. सविता लग्न होऊन श्रीगोंद्याला गेली. दिवाळीला फोन करते. कानिफनाथचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता तो दुपारपुरता येतो. आक्काबाई गेल्या माघात वारली. तिच्या सुनेला गाण्याची आवड नाही. स्पीकर एका पावसाळ्यात बिघडला, दुसरा कोणी आणला नाही.

मनवाचं वर्षश्राद्ध झालं. त्यानंतरही केदारने स्वतः कधी गाणं लावलं नाही. पुण्याचं नाव काढलं नाही, दुसरं लग्नही केलं नाही. जेवताना गावातलं काहीबाही सांगतो. मी ऐकते आणि त्याला भाकरी वाढते.