एकशे तेरावा नंबर

"सरकारं येतेत, सरकारं जातेत. भाव चढतेत, पडतेत. पण बेफिकीर माणसासंगचा पत्त्याचा डाव चंद्रसूर्य असेपर्यंत चालते!" असं नेमसिंगने जाहीर केलं. जाहीर केलं ते उपड्या बादलीवर बसून, आणि ऐकायला त्याचे दोन बैल होते. त्यातल्या एकाने तिथेच शेण टाकलं.

उमरखेडच्या अलीकडे रस्त्यालगतच्या कापूस खरेदी केंद्रावर त्या वर्षी गाड्यांची रांग पार नाल्यापर्यंत गेली होती. केंद्राचा भाव अडीच हजार, बाहेर खाजगीत सतराशे. म्हणून माणसं दिवसचे दिवस रांगेत काढत, आणि करण्यासारखं काही नसल्यामुळे तीन पत्ती खेळत. नेमसिंगच्या गाडीत दहा क्विंटल कापूस होता. वर्षाचं सगळं पीक तेवढंच. नंबर अडतीस.

पण डाव बसायचा एकशे बाराजवळ. तिथे शेजारच्या तांड्याच्या गुलाबसिंगचा ट्रॅक्टर उभा होता. गुलाबसिंग पत्ते उचलून बघायचाच नाही. तिसऱ्या फेरीपर्यंत ब्लाइंड, हरला की खदाखदा हसायचा. "पैसा काय भाऊ, कापसाच्या पऱ्हाटीले लागते!" असा माणूस जिल्ह्यात दुसरा नव्हता. नेमसिंगने त्याला दुभत्या म्हशीसारखा जपला. पाचातला एक हात मुद्दाम हरायचा, स्वतःच्या पैशाने भजी मागवायची, आणि कोणी "गुलाबसिंग, पाहून खेळ ना बा" म्हणालाच, तर त्याला डोळ्यांनीच गप्प करायचा. तीन दिवसांत सातशे सुटले.

चौथ्या दिवशी सकाळी वजनाचा काटा एकतिसाव्या गाडीवर आला. म्हणजे दुपारपर्यंत कापूस मोजून घ्यायचा आणि चालू डाव सोडून घरी जायचं! नेमसिंग उठला आणि गुलाबसिंगच्या मागे गाडी लावून बसलेल्या धम्मरत्नकडे गेला.

"धम्मरत्न, तू माह्या नंबरवर जाय. मी तुह्या एकशे तेरावर येतो."

"काहून भाऊ? तब्येत बरी आहे ना?"

"तुह्ये लेकरं घरी वाट पाहून राह्यले."

"आन् तुमचे?"

"माह्ये मोठे झाले."

धम्मरत्नने आणखी चौकशी केली नाही. गाडी पुढे नेताना मात्र त्याने दोनदा वळून पाहिलं. हा माणूस शुद्धीवर येऊन नंबर परत मागतो की काय, अशी त्याला धास्ती होती. संध्याकाळी रिकामी गाडी दामटत तो गावाकडे गेला.

दुसऱ्या दिवशी लालीबाई भाकरी घेऊन आली. नवऱ्याला शोधत तिला बरंच मागे यावं लागलं.

"गाडी मांगं कशी आली?"

"रांग सरकली."

"रांग मांगं सरकते का?"

"सरकारी आहे," नेमसिंग म्हणाला.

लालीबाईने डबा ठेवला आणि निघून गेली.

आठव्या दिवशी सकाळी नेमसिंगचा हात असा लागला होता, की अठराशेचा आकडा पार होणार होता. तेवढ्यात केंद्राचा माणूस काट्यावर चढला. आत कापसाच्या गंज्या लावायला जागा उरली नव्हती. पुढचा हुकूम येईपर्यंत खरेदी बंद. शेवटची गाडी मोजली गेली ती एकशे नववी.

रांगेत आरडाओरड झाली. गुलाबसिंगने पत्ते न बघताच खाली टाकले, धोतर झटकलं आणि ट्रॅक्टरवर चढला.

"कुठं निघाला? डाव अर्धा आहे!"

"आदिलाबादले. तिकडं खाजगीत घेतेत, भाव कमी देतेत. मले काय, ट्रॅक्टर आहे. तुह्ये बैल येतेत का तिथपर्यंत?" गुलाबसिंग हसला. "मजा आली पण नेमसिंगभाऊ. लॉजवर राह्यलो असतो तं याच्याहून जास्ती गेले असते."

ट्रॅक्टर धूर सोडत गेला. सूर्य होता तिथेच होता.

लालीबाई आली तेव्हा नेमसिंग बादलीवर बसून होता. तिने काट्याकडे पाहिलं, गाडीतल्या कापसाकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या फुगलेल्या खिशाकडे. क्विंटलमागे आठशेचा तोटा, तर दहा क्विंटलचा किती, हे तिला शाळेत न जाताही येत होतं.

"ऐक, असा डाव कधी मोडते, हे मले आता समजलं," नेमसिंग म्हणाला. "म्हंजे त्याचं असं आहे..."

"उठा जरा," लालीबाई म्हणाली. "बादली पाह्यजे. बैलाइले पाणी पाजतो."